खान्देशातल्या रस्त्यांवर इतिहासाच्या पाट्या हव्यात का?

तापीकाठ
धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावला या. टोल, ढाबे, प्लॉट विक्री, साहेबांचे वाढदिवस, सगळ्याचे फलक दिसतील. इथे काय घडलं हे सांगणारी ओळ मात्र शोधावी लागते.

जिथे घडलं तिथेच, रस्त्याच्या कडेला, गाडी थांबवून वाचता येईल अशी मजकुराची पाटी लावावी, एवढंच माझं म्हणणं आहे. पुतळा नको, कमान नको. कोण, काय, कधी आणि हे कशावरून, बस.

जळगाव-भुसावळ अपडाऊन करणारे रोज भादली स्टेशनवरून जातात. धरणगावचे बालकवी ठोंबरे 5 मे 1918 रोजी इथेच रेल्वेखाली गेले. तिशीही गाठली नव्हती. शाळेत त्यांच्या कविता पाठ केलेल्या माणसालाही हे ठाऊक नसतं. फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. अध्यक्ष नेहरू, सजावट नंदलाल बोसांची. विप्रोची सुरुवात 1945 मध्ये अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. हे सांगायला पुस्तक लागत नाही, चार ओळी पुरतात.

गिरणाथडी
माझा विरोध आहे आणि तो पूर्ण विचारांती आहे. मजकूर कोण लिहिणार? चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचंच घ्या. तिथे पाटी लागली की पहिली ओळ येईल, ‘भास्कराचार्यांचे जन्मस्थान’. विज्जलवीड हे त्यांचं गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण पाटी एकदा उभी राहिली की दहा वर्षांत तीच पुरावा होते. मुलं तिच्यासमोर फोटो काढतात, वर्तमानपत्रं तिच्यावरून बातमी करतात. पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारते. रस्त्यावरच्या पाटीला हात लावायला गेलात तर गाव अंगावर येतं.

तापीकाठ
@गिरणाथडी, पाटण्याचं उदाहरण तुम्ही काढलंत हे बरं झालं, कारण तिथे जुनी पाटी आहेच, दगडावर कोरलेली. शके 1128 चा शिलालेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं त्यात आहे. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या व्यवहारातून मठाला काय द्यायचं, तेलाच्या घाण्यामागे तेल किती, असा रोखठोक हिशेब. जन्मस्थानाचा वाद बाजूला ठेवा आणि लेखात आहे तेवढंच पाटीवर लिहा. आठशे वर्षांपूर्वी या डोंगराच्या पायथ्याशी गणिताची शाळा होती आणि गावचा तेली तिला तेल देत होता, हे वाचून चाळीसगावच्या पोराची छाती फुगणार नाही का?

बुराई_नदी
बोर्ड कोन वाचस भाऊ? चिमठाण्याच्या खजिन्याची गोष्ट आम्ही आजोबांच्या तोंडून ऐकली. 14 एप्रिल 1944, धुळ्याहून नंदुरबारला निघालेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी रस्त्यात लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारची माणसं त्यात होती. ती गोष्ट सांगताना म्हाताऱ्याचा आवाज चढायचा, ते पत्र्यावर कसं उतरवणार? शिवाय रस्ता रुंद झाला की पहिला जेसीबी पाटीवरच. तोच पैसा झेडपीच्या शाळांना द्या, पोरांना त्या जागी नेऊन गोष्ट सांगा.

सातपुडा_धडगाव
आजोबा ज्याचे त्याला सांगतात, हाच तर प्रश्न आहे. आमच्या आजोबांची गोष्ट तुमच्यापर्यंत पोचलीच नाही. वर नेहरू आले, बालकवी आले, विप्रो आली, एकही भिल्ल नाही. खाज्या नाईक यांच्याकडे आग्रा रोडवरच्या सेंधवा घाटाची राखण होती. 1857 मध्ये ते इंग्रजांवर उलटले. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीला लढाई झाली, आमची माणसं मारली गेली. धुळ्याहून इंदूरला जाणारी प्रत्येक गाडी तो घाट चढते. पाट्या लावणारच असाल तर पहिली तिथे लावा, आणि ती भिलीतही असू द्या. नसेल जमत तर लावूच नका. अर्ध्या लोकांचा इतिहास लोखंडात ओतला की उरलेले नव्हतेच असं होतं.

तापीकाठ
तुमचं म्हणणं मान्य. सेंधवा मध्य प्रदेशात आहे, पण रस्ता तोच आहे. घाटाच्या अलीकडे, शिरपूर तालुक्यात पाटी लावायला कोणाची हरकत असणार?

गिरणाथडी
मग थाळनेरला काय लिहाल? खान्देशच्या फारुकी सुलतानांची जुनी राजधानी एवढं सांगून भागणार नाही. फेब्रुवारी 1818 मध्ये जनरल हिस्लॉपने किल्ला घेतला, आतल्या शिबंदीची, म्हणजे किल्ल्यावरच्या शिपायांची, कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिलं. शिबंदीत अरबांचा मोठा भरणा होता. गावाला आपले हुतात्मे हवेत. हे अरबांचं वाक्य तिथे कोणी राहू देईल?

तापीकाठ
मी असं लिहीन:

‘थाळनेर किल्ला. मंदसोरच्या तहाने होळकरांचा खान्देश इंग्रजांकडे गेला, तरी या किल्ल्यातून प्रतिकार झाला. 27 फेब्रुवारी 1818 रोजी जनरल हिस्लॉपच्या फौजेने किल्ला घेतला. दरवाजाशी झालेल्या चकमकीत इंग्रज अधिकारी पडले. त्यानंतर आतली शिबंदी कापून काढण्यात आली. तीत बरेच अरब शिपाई होते. किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी देण्यात आले.’

यातलं कोणतं वाक्य खोटं आहे ते सांगा, मी खोडतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात 1927 पासून हायवेच्या कडेला अशा धातूच्या पाट्या आहेत. प्रत्येकीला क्रमांक असतो आणि मजकूर चुकीचा ठरला तर नवी पाटी ओततात. आपणही क्रमांक घालू आणि मजकूर लावण्याआधी महिनाभर ग्रामपंचायतीत लावून ठेवू.

गिरणाथडी
वाक्य एकही खोटं नाही. पण ग्रामसभेत अरबांचं वाक्य गळेल आणि मामांच्या जातीचं एक जास्तीचं येईल, हे मी आजच सांगतो. मजकुराचा शेवटचा शब्द धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या, कागद पाहणाऱ्या संस्थेकडे राहणार असेल तर पुढे बोलू. नाहीतर माझा विरोध कायम.

बुराई_नदी
आणि पाटी रस्त्याच्या हद्दीबाहेर, गावठाणात रोवा. तिथे जेसीबी येत नाही.