सही असलेली पहिली आवृत्ती: पारख आणि नागपुरातली निगा

धरमपेठकर: स्टीफन किंगच्या ‘द शायनिंग’ या कादंबरीची, त्याची सही असलेली १९७७ची प्रत ऑनलाइन मिळतेय. पहिलीच आवृत्ती आहे हे कसं ताडायचं? आणि इथल्या उन्हाळ्यात ठेवायची कशी?

ग्रंथकीटक: आधी फोटो मागवा. पान ४४७वर शिवणीकडच्या कडेला ‘आर ४९’ (R49) हा छापील कोड हवा, जॅकेटच्या (पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टणाच्या) आतल्या घडीवर ८.९५ डॉलर. किंमतच छापलेली नसेल तर बहुधा बुक क्लबची, म्हणजे सभासदांसाठी वेगळी छापलेली प्रत. घडीचा किंमत असलेला कोपरा कापलेला असेल तर कोडावरच ठरवा. सही दहापट भिंगातून बघा: छापील सहीत ठिपके दिसतात, पेनाची शाई कागदाच्या तंतूंत मुरते. चिकटवलेल्या चिठ्ठीवर सही असेल तर भाव कमीच द्या. नुसत्या प्रमाणपत्रावर भिस्त नको, ते कुणीही छापतं.

महालवाला: भाऊ, कूलरच्या झोतात कपाट अजिबात नको! मे महिन्याच्या कोरड्या हवेत बांधणीचा गोंद तडकतो, त्यावर कूलरची ओल बसली की पानं लहरतात, बुरशी धरते. जॅकेटला मायलरचं (पारदर्शक पॉलिएस्टरचं) कव्हर घाला. पीव्हीसी प्लास्टिक कालांतराने चिकटतं. सेलोटेप कधीच नाही.

धरमपेठकर: कोपरा कापलेलाच आहे. पान ४४७चा फोटो मागवतो.