विटा एकाच्या, माणसं दुसऱ्याची

सतराव्या शतकातला डच चित्रकार यान व्हान डर हेडेन याची ॲम्स्टरडॅमची चित्रं म्हणजे त्या काळचे फोटोच, असं काही जण म्हणतात. विटांपुरतं मान्य. दोन विटांमधली चुन्याची रेघसुद्धा सोडलेली नाही पठ्ठ्याने! पण इमारती तो सोयीप्रमाणे हलवायचा. आणि कालव्याकाठी उभी असलेली ती छोटी छोटी माणसं बऱ्याचदा त्याची नव्हेतच, ती आड्रियान व्हान द व्हेल्ड या दुसऱ्या चित्रकाराने काढलेली.

बाकी या गृहस्थाचं शहराशी नातं कुंचल्यापुरतं नव्हतं. ॲम्स्टरडॅमच्या रस्त्यांवर तेलाचे दिवे लावायची १६६९ ची योजना त्याचीच; अंधारात लोक कालव्यात पडायचे. पुढे भावाबरोबर आगीच्या बंबाला चामड्याची लवचिक नळी जोडली, आणि १६७३ पासून शहराच्या बंबांची देखरेखही या दोघांकडेच आली.