मदत हवी आहे: लेकीला टिक (गोचीड) चावली. लाइम (टिक चावून होणारा आजार) नक्की किती जणांना होतो?

आंबोळी:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही न्यूयॉर्कच्या वेस्टचेस्टर काउंटीत राहतो, येऊन अजून वर्षही झालं नाही. शनिवारी दुपारी हॅरिमन पार्कला गेलो होतो. काल रात्री लेकीला (वय ७) आंघोळ घालताना गुडघ्यामागे खसखशीच्या दाण्याएवढा काळा ठिपका दिसला. घाण असेल म्हणून नखाने खरवडला, तर त्याला पाय!

आई व्हिडिओ कॉलवर होती. म्हणाली, "खोबरेल ओत, गुदमरून सुटेल." ओतलं, पण तो जागचा हलला नाही. शेवटी नवऱ्याने भुवयांच्या चिमट्याने ओढून काढला. झिपबॅगेत ठेवलाय.

माहेर दोडामार्गचं. २०१६ला तिकडे माकडतापाची (गोचिडीतून पसरणारा विषाणूचा ताप) साथ आली, तेव्हापासून गोचीड म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो. त्यात इथली शेजारीण म्हणते, "या भागात सगळ्यांनाच लाइम होतो, उद्याच रक्त तपासा." खरंच सगळ्यांना होतो? चावलेल्या शंभरातल्या किती जणांना? आणि तपासणी लगेच करायची का? रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

तिरफळ:
ताई, आधी चहा घ्या. आमच्या घरात गेल्या बारा वर्षांत चार टिका निघाल्या, लाइम एकालाच झाला आणि गोळ्यांनी बराही झाला.

लाइम विषाणूचा नाही, जिवाणूचा आजार आहे. माकडतापावर नेमकं औषध नाही, इथे साधं अँटिबायोटिक चालतं. आईंना हे नक्की सांगा. आणि तेल, व्हॅसलीन, काडेपेटी यातलं काही पुन्हा नको. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचं, बस.

गणिती_काका:
शेजारणीचं अर्धं खरं आहे. अमेरिकेत वर्षाला अंदाजे ४,७६,००० लोकांवर लाइमचे उपचार होतात, म्हणजे आजार दुर्मीळ मुळीच नाही. पण तुमचा प्रश्न वेगळा आहे: चावल्यावर किती जणांना?

योगायोग म्हणजे याचा गाजलेला अभ्यास तुमच्याच काउंटीतला आहे, २००१ साली छापून आला. टिक चावलेल्या ज्या २४७ जणांना औषध दिलं नव्हतं, त्यांच्यातल्या ८ जणांच्या अंगावर लाइमचा चट्टा उठला. शंभरात तीनच्या आसपास. ज्या २३५ जणांना टिक काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा एकच डोस दिला, त्यांच्यात फक्त १.

खरी गंमत पुढे आहे. त्या आठही जणांना रक्त पिऊन थोडीफार फुगलेली पिल्लू टिक चावली होती. चपट्या पिल्लू टिका चावलेल्या ५९ जणांत एकालाही चट्टा नाही. जिवाणू टिकेच्या पोटात असतो, तो लाळेतून आपल्या अंगात यायला सहसा दिवसाहून जास्त वेळ लागतो. तेव्हा झिपबॅग उघडून बघा: चपटी की टम्म?

आंबोळी:
चपटी! भिंगातून पाहिली, तिळासारखी. काका, शनिवारी दुपारी दोन ते रविवारी रात्री आठ म्हणजे तीस तास होतात. मग तपासणीचं काय?

तिरफळ:
आत्ता रक्त देऊन उपयोग नाही. अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे जातात, आज निगेटिव्ह आलं म्हणून काहीच ठरत नाही. टिक तपासायला पाठवू नका, तिच्यात जिवाणू सापडला तरी तो मुलीत उतरला असं होत नाही. फोटो काढून डॉक्टरांना दाखवा आणि डोसबद्दल आजच विचारा, बहात्तर तास उलटायच्या आत. लहान मुलांना तो वजनावर देतात.

नंतर तीस दिवस नजर ठेवा. चट्टा ३ ते ३० दिवसांत कधीही येतो, पसरत जातो. उठतोच असं नाही, म्हणून ताप, थकवा, सांधेदुखी दिसली तरी फोन करायचा. पहिल्या दिवशीचा बारीक लाल ठिपका मात्र चावल्याचाच असतो, त्याला घाबरू नका.

आंबोळी (अपडेट):
सकाळी क्लिनिकला फोन केला. पाऊण तास होल्डवर ठेवलं, मग नर्स मात्र छान बोलली. फोटो मागवला, डॉक्टरांना विचारून आली. टिक चपटी आणि छत्तीस तासांहून कमी, म्हणून डोस नको, नजर ठेवा. आईला सांगितलं, तर म्हणे, "मग खोबरेल लागू पडलं की!"

चट्टा वाढला तर कळावा म्हणून त्या जागेभोवती पेनाने गोल काढलाय. लेकीने आरशात बघून त्याला डोळे आणि मिशा काढल्यात.