वारशात आलेली काडतुसाची दारू: मात्रेचा तक्ता शोधावा की डबा सोपवावा?

कोपरीकर
नौपाड्यातल्या जुन्या घरांच्या पोटमाळ्यावर बारा बोअरच्या परवानाधारी बंदुकीसोबत काडतुसं भरायची अवजारं आणि दारूचे पत्र्याचे डबे निघतात. वारसांचा पहिला प्रश्न हाच, की मात्रा, म्हणजे एका काडतुसात किती दारू भरायची तो आकडा, कुठे मिळेल? माझं मत: लेबल वाचता येत असेल तर मिळते. फक्त मात्रांची पुस्तिका डब्याच्याच काळातली हवी, आजची चालत नाही. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या रायफलच्या दोन दारू, यांचा आकडा एकच, पण आयएमआर जास्त जलद जळते. एकीची कमाल मात्रा दुसरीला लावली की दाब चढतो. योग्य पुस्तिका हाती आली, की १० टक्के कमीपासून सुरुवात करायची.

ऐरोली सेक्टर ८
इथेच पहिली चूक होते. कारखान्यात काय भरलं होतं एवढंच लेबल सांगतं. उरलेली दारू रिकाम्या डब्यात ओतून ठेवायची सवय जुनी आहे, आणि दाणे बघून दारू ओळखता येत नाही. जळण्याच्या वेगाची यादीही नुसता क्रम लावते, त्यावरून मात्रा काढता येत नाही.

शॉटगनच्या जुन्या तक्त्यांत तर त्याहून मोठा खड्डा आहे. तिथे '३ ड्रॅम' लिहिलेलं असतं. ड्रॅम आणि ग्रेन ही वजनाची जुनी मापं; १ ड्रॅम म्हणजे २७.३४ ग्रेन, म्हणजे हिशेबाने ८२ ग्रेन झाले. पण तो आकडा बहुतेक वेळा 'तेवढ्या काळ्या दारूइतका जोर' सांगतो, धूरविरहित दारूचं वजन नव्हे. शुल्त्सेसारखी 'बल्क' दारू काळ्या दारूच्या मापाने भरता यावी अशीच बनवलेली होती. बॅलिस्टाइट 'डेन्स', म्हणजे तेवढ्याच जोराला ती वजनाने खूप कमी लागते. तिचे ८२ ग्रेन भरले तर नळी फाटेल, आणि डावा हात नेमका नळीखालीच असतो. डब्यांवर मात्र दोन्हीकडे 'स्मोकलेस'च.

कोपरीकर
ड्रॅमचं मान्य. म्हणूनच म्हणतो, कमीपासून सुरू करा.

ऐरोली सेक्टर ८
तो नियमही सरसकट नाही. एच ११० किंवा डब्ल्यू २९६ या दारूंची मात्रा फार उतरवली तर ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. शिवाय जुन्या पुस्तिकांतला दाब तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून मोजलेला असतो. तो आकडा आजच्या पीएसआयशी (पौंड प्रति चौरस इंच) जुळत नाही. आणि शॉटगनची कृती म्हणजे कवच, टोपी (दारू पेटवणारी), वॉड (दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा), छर्रे हा सगळा संच असतो. नुसती टोपी बदलली तरी दाब बदलतो. त्या काळचं कागदी कवच आणि तोच वॉड आज आणणार कुठून?

तलावपाळी
दारू जुनी तितकी चांगली, हे दुसऱ्या दारूबद्दल! तक्ता राहू द्या, आधी झाकणाची आतली बाजू बघा. ईथरसारखा वास आणि स्वच्छ पत्रा असेल तर बरं लक्षण, मात्रा वापरायची हमी नव्हे. आंबट, नाकाला झोंबणारा वास, आतून गंज, दाण्यांवर तांबूस भुकटी दिसली तर विषय संपला. धूरविरहित दारूतलं मुख्य द्रव्य, नायट्रोसेल्युलोज, कुजताना नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात. ती शोषून घ्यायला डायफिनाइलअमिन घातलेलं असतं. ते संपलं की कुजणं वेग घेतं आणि दारू आपोआप तापून पेटूही शकते. पत्र्याच्या छपराखालचा ठाण्याचा मे महिना तेच काम लवकर उरकतो. असा डबा लोखंडी तिजोरीत बंद करू नका. उघड्यावर ही दारू भसकन जळते, कोंडली की फुटते.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे परवानाधारक वारला की वारसाने शस्त्र आणि दारूगोळा विनाविलंब जमा करायचा असतो. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसं बनवायची मुभा नव्हे, ते कलम ५.

कोपरीकर
मग डबा कुंडीत ओतायचा? खत होतं म्हणतात.

तलावपाळी
सोसायटीच्या गच्चीवर? वाळलेल्या थरावर एक ठिणगी पुरे. डबा न हलवता पोलीस ठाण्याला लेखी कळवा. स्फोटकं खात्याचं, म्हणजे पेसोचं, कार्यालय सीबीडी बेलापूरच्या सीजीओ संकुलात आहे, तिथे विचारणा करता येते. पण पिशवीत डबे घालून ट्रान्स हार्बर लोकलने निघू नका, रेल्वेत स्फोटकं न्यायला बंदी आहे.

कोपरीकर
ठीक, भरायचा आग्रह सोडतो. पुस्तिका मात्र शोधावीच. बल्क की डेन्स, एकेरी (नुसत्या नायट्रोसेल्युलोजची) की नायट्रोग्लिसरीनवाली, हे अर्जात लिहिलं तर उचलायला येणाऱ्याला कळेल काय उचलतोय.

ऐरोली सेक्टर ८
लिहा, पण 'लेबलाप्रमाणे' हा शब्द पुढे लावून. सोबत अंदाजे वजन आणि डब्याचा फोटो, झाकण पुन्हा न उघडता.