नाणेघाटातल्या शिलालेखासाठी वडिलांना वरून न्यावं का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

माझे वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख प्रत्यक्ष पाहायची त्यांची फार इच्छा आहे. आता गुडघे दुखतात, त्यामुळे कोकणातून वैशाखरेकडून चढून येणं त्यांना शक्य नाही. म्हणून जुन्नर-घाटघर मार्गे गाडीने पठारावर जायचं ठरवतोय. तिथून नाळेतून (घाटाच्या अरुंद घळीतून) लेख असलेल्या लेण्यापर्यंत उतरायला पायऱ्या किती उंच आहेत? काठी टेकत, कोणाचा तरी हात धरून जमेल का? पावसाळ्यानंतर शेवाळ कधी वाळतं?

दुसरं म्हणजे, लेणं बघताना सोबत वाचायला लेखाचं मराठी भाषांतर हवंय. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. अश्वमेध, राजसूय यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाण्यांची नोंद. त्यातले अंक तर भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात मोजले जातात. मागच्या भिंतीवरच्या सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती गेल्या, पण सिमुक, नायनिका (म्हणजेच नागनिका), सातकर्णी ही नावं कोरलेली आहेत. ती कोणत्या वेळच्या उजेडात नीट दिसतात? वडिलांना ती स्वतः वाचायची आहेत, घाई अजिबात नको.

कल्याण-सोपारा बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण वरच आहे, तो तर बघूच. अलीकडे ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. घाटघरला जेवणाची घरगुती सोय असेल तर तेही सांगा.