कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे
घसा बसल्यावर कुजबुजत बोलावं, असा सल्ला बरेच जण देतात, तो मला पटत नाही. कुजबुजतानाही बऱ्याच जणांच्या स्वरतंतूंवर ताण येतोच, त्यापेक्षा सरळ गप्प बसावं. मिठाच्या गुळण्यांनी बरं वाटतं, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, वाफ पोचते. ज्येष्ठमधाची काडी मीही चघळते, फक्त बीपीवाल्यांनी रोज नको.

नाचाच्या तालमीने दुखणाऱ्या पोटऱ्यांसाठीही सगळे तेल चोळायलाच सांगतात. गणपतीतल्या लावणीची तालीम आम्ही गच्चीतल्या कोब्यावर करायचो, घुंगरू बांधून दोन-दोन तास. तिसऱ्या दिवशी जिना कठडा धरून, आडवं होत उतरायचा! तालीम शाळेच्या लाकडी रंगमंचावर नेली, घुंगरू शेवटच्या अर्ध्या तासापुरते ठेवले, आणि तेलाची बाटली तशीच भरलेली राहिली.