भविष्यकाळातील मालिकांमध्ये दिव्यांग माणसे कुठे जातात?

प्रश्न : चर्चाकट्टा, टिळकवाडी

नमस्कार. बेळगावात आम्ही काही जण महिन्यातून एकदा एकत्र बसून विज्ञानकथांवरील मालिकांचा एखादा भाग पाहतो आणि नंतर त्यावर मराठीत सविस्तर बोलतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, एक दृष्टिहीन संगीतशिक्षिका आणि व्हीलचेअर वापरणारा एक महाविद्यालयीन मुलगा असा आमचा गट आहे. मागील बैठकीत ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या चोविसाव्या शतकातील अंतराळप्रवासावरच्या अमेरिकी मालिकेचा विषय निघाला, तेव्हा एका विद्यार्थ्याने असे मत मांडले की, चोविसाव्या शतकात वैद्यकशास्त्र इतके पुढे गेलेले असेल की अंधत्व, बहिरेपणा किंवा पक्षाघात शिल्लकच राहणार नाहीत, त्यामुळे अशा मालिकांत दिव्यांग पात्रे जवळजवळ नसणे कथेच्या तर्काला धरूनच आहे. त्यावर आमच्या संगीतशिक्षिका बाई शांतपणे म्हणाल्या की, ज्या भविष्यात सगळे चांगले झाले आहे असे तुम्ही मानता त्यातून सर्वांत आधी आम्हांला वगळता, आणि ते वगळणे कोणाला खटकतही नाही.

विद्यार्थ्याच्या मनात वाईट हेतू नव्हता, हे बाईंनाही ठाऊक होते. तरी त्या दोघांपैकी कोणाचे म्हणणे अधिक बरोबर, हे आम्हांला ठरवता आले नाही. हे नसणे खरोखर कथेच्या तर्कातून येते, की लिहिणाऱ्यांच्या कल्पनेत ही माणसे आलेलीच नसतात? पुढील बैठकांसाठी कोणते भाग निवडावेत, हेही जाणकारांनी सुचवावे. आम्ही निवडतो त्या भागांना मराठी उपशीर्षके किंवा दृश्यवर्णन मिळत नाही, त्यामुळे पडद्यावर काय चालले आहे ते आमच्यापैकीच कोणाला तरी सांगावे लागते.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, शहापूर

ज्या मालिकेवरून हा वाद झाला तिच्यातच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. 1987 ते 1994 या काळात चाललेल्या त्या मालिकेतील यानाचा मुख्य अभियंता जॉर्डी ला फोर्ज हा जन्मांध आहे. स्नायूंच्या क्षयाचा विकार असलेल्या जॉर्ज ला फोर्ज या चाहत्याच्या स्मरणार्थ त्याला हे नाव देण्यात आले. तो चाहता 1975 साली वारला होता. जॉर्डीच्या डोळ्यांवर ‘व्हायझर’ नावाची पट्टी असते, आणि तिच्या साहाय्याने त्याला उष्णतेपासून रेडिओलहरींपर्यंत असे पुष्कळ काही जाणवते, जे डोळस माणसाला दिसत नाही. या पट्टीमुळे त्याला सतत वेदना होतात, हे पहिल्याच भागात सांगितलेले आहे. (भूमिका करणारे लेव्हार बर्टन डोळस, पट्टी लावली की त्यांचीच बरीचशी दृष्टी झाकली जात असे.)

आपल्या विद्यार्थ्याला 1992 सालचा ‘द मास्टरपीस सोसायटी’ हा भाग अवश्य दाखवावा. जन्माआधीच जनुके निवडून ‘निर्दोष’ माणसे घडवणारी एक वसाहत त्यात आहे. आपण तिथे गर्भात आलो असतो तर आपल्याला जन्मूच दिले नसते, हे जॉर्डीच्या ध्यानात येते, आणि मी असावे की नसावे हे ठरवण्याचा अधिकार यांना कोणी दिला, असे तो विचारतो. पुढे त्या वसाहतीवर ताऱ्याच्या तुकड्याचे संकट येते, तेव्हा ते टाळण्याची युक्ती त्याच्या व्हायझरच्या रचनेतूनच सापडते. म्हणजे विद्यार्थ्याने मांडलेला तर्क मालिकेच्या लेखकांनी स्वतःच तपासून पाहिला आणि त्याला विरोध केला. 1987 सालच्या ‘हाइड अँड क्यू’ या भागातही, अचाट शक्ती लाभलेला सहकारी जॉर्डीला क्षणभर दृष्टी देतो, आणि जॉर्डी ती परत घ्यायला सांगतो, कारण ती कोणाच्या उपकाराने मिळते आहे ते त्याला नको असते.

माझी तक्रार वेगळी आहे. इतक्या वर्षांत जॉर्डीचे आंधळेपण कथेला आठवते ते बहुधा शत्रूला त्या पट्टीतून शिरकाव करायचा असतो तेव्हा. 1991 सालच्या ‘द माइंड्स आय’ या भागात तेच घडते आणि 1994 सालच्या ‘जनरेशन्स’ या चित्रपटातही तेच. पट्टी काढून ठेवल्यावर तो आपल्या खोलीत कसा वावरतो, वस्तू कुठे ठेवतो, कोणाचा आवाज कसा ओळखतो, यांकडे लेखकांचे लक्ष फार थोडे गेले. आपल्या संगीतशिक्षिका त्याविषयी पाच मिनिटांत जेवढे सांगतील, तेवढे त्या सात वर्षांत आले नाही असे मला वाटते.

उत्तर : अभियंता, हत्तरगी परिसर

विद्यार्थ्याची बाजू थोडी तरी मांडली गेली पाहिजे, म्हणून लिहितो. माझ्या आईचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झाले आणि ती पुन्हा पोथी वाचू लागली. त्या दिवशी आमच्या घरात कोणालाही काही गमावल्यासारखे वाटले नाही. उपचाराची इच्छा धरणे म्हणजे दिव्यांगांचा अपमान करणे नव्हे. उपचार नाकारणारे पात्रच स्वाभिमानी आणि स्वीकारणारे दुबळे, अशी नवी सक्तीही कथांनी लादू नये.

मात्र मी विमानांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो, आणि अंतराळाविषयी जे वाचले आहे त्यावरून या मालिकांची शरीराविषयीची समजूत मला फार कच्ची वाटते. वजनरहित अवस्थेत, पुरेसा व्यायाम नसेल तर, अंतराळवीराच्या भार वाहणाऱ्या हाडांची घनता महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्का कमी होते. दीर्घ मोहिमांनंतर काहींची दृष्टीही बदलते. तिथे प्रत्येक शरीर काही प्रमाणात अक्षम होते आणि पायांचा उपयोग तर फारच कमी उरतो. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदल आणि ‘नासा’ यांनी वॉशिंग्टनच्या गॅलोडेट महाविद्यालयातील 11 कर्णबधिर पुरुषांवर प्रयोग केले, कारण त्यांच्या अंतःकर्णाला इजा झालेली असल्याने त्यांना हालचालीची मळमळ होतच नसे. इतर लोक आजारी पडत तिथे ही माणसे निवांत बसत. युरोपीय अंतराळ संस्थेने 2022 साली एक पाय गमावलेले शल्यविशारद जॉन मॅकफॉल यांना निवडले आणि 2025 साली दीर्घ मोहिमेसाठी वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरवले. प्रत्यक्ष संशोधन इतके पुढे गेले असताना कल्पनेतील यानावर मात्र सगळे धडधाकटच दिसावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर : खानापूर तालुका

वरील अभियंता साहेबांच्या पहिल्या परिच्छेदाविषयी मला आदर आहे, परंतु विद्यार्थ्याच्या तर्कात जी मोठी उणीव आहे ती अजून कोणी दाखवलेली नाही. मला लहानपणी पोलिओ झाला. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. ही माणसाने केलेली फार मोठी गोष्ट आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण रोग गेला म्हणून आम्ही गेलो नाही. कॅलिपर आणि कुबड्या घेऊन आम्ही बाजारात, शेताच्या बांधावर, बसथांब्यावर आजही आहोत, आणि आणखी कित्येक वर्षे असणार आहोत. कोणतीही लस किंवा शस्त्रक्रिया आली तरी तिच्या आधी जन्मलेली माणसे, ती न मिळालेली माणसे आणि ती न मानवलेली माणसे मागे उरतातच. शिवाय नवी यंत्रे नव्या इजा घेऊन येतात. 1966 सालच्या मूळ ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन पाइक किरणोत्सर्गानेच पंगू होतो. मग लेखकांनी त्याचे काय केले, ते पाहा. चौकोनी पेटीसारख्या खुर्चीत त्याला बंद केले आणि एकदा दिवा लागला की ‘हो’, दोनदा लागला की ‘नाही’, एवढीच भाषा त्याला दिली. ताऱ्यांपर्यंत पोहोचलेल्या संस्कृतीला त्याच्यासाठी अक्षरांची एक पाटीसुद्धा बनवता येऊ नये, हे मला कधीच पटले नाही. शेवटी त्याला सुख मिळते तेही अशा ग्रहावर, जिथे आपण धडधाकट आहोत असा भास त्याला होत राहील.

माझ्या मते आपण सर्वप्रथम ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ या अंतराळस्थानकावर घडणाऱ्या मालिकेतील 1993 सालचा ‘मेलोरा’ हा भाग पाहावा. त्याच्या लेखनात सहभागी असलेले इव्हान कार्लोस सोमर्स स्वतः व्हीलचेअर वापरत, आणि ते प्रसंगाप्रसंगांतून जाणवते. मेलोरा ही अत्यंत कमी गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावरची तरुण अधिकारी आहे. तिच्या घरी ती अक्षरशः तरंगते, पण स्थानकावरील गुरुत्वाकर्षणात तिला खुर्ची आणि आधारपट्ट्या लागतात. ते स्थानक दुसऱ्याच लोकांनी, त्यांच्या गरजेप्रमाणे बांधलेले असल्याने दारांना उंच उंबरठे आहेत, आणि तशाच एका ठिकाणी ती पडते. आमच्या भागात एका नाडकचेरीत, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयात, पहिल्या मजल्यावरच्या टेबलावर सही करण्यासाठी मला दोघांच्या खांद्यांवरून वर न्यावे लागले होते, त्यामुळे तिचा तो संताप मला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. त्याच भागात ती आपल्या खोलीतील गुरुत्वाकर्षण कमी करते आणि स्थानकावरचा डॉक्टर बशीर तिच्या शेजारी धडपडत तरंगू लागतो. माणूस तोच, शरीर तेच. खोली बदलली की कोण अडखळणार ते बदलते. हा एवढा प्रसंग दाखवून चर्चा थांबवली तरी पुरे होईल.

तिला उपचारही देऊ केला जातो, पण तो कायमचा केला तर आपल्या ग्रहावर पूर्वीसारखे राहता येणार नाही हे कळल्यावर ती तो नाकारते. अभियंता साहेब, इथे कोणतीही सक्ती नाही. उपचाराची किंमत काय आणि ती कोण मोजणार, एवढेच तिने तपासून पाहिले आहे. खेदाची गोष्ट ही की, अशा पात्राला मालिकेत कायम ठेवण्याची मूळ कल्पना होती, पण दर आठवड्याला तिला तरंगताना दाखवणे खर्चाचे ठरले असते, म्हणून ती सोडून देण्यात आली. आणि या एका भागातली भूमिकाही व्हीलचेअर न वापरणाऱ्या अभिनेत्रीने केली. त्या मानाने ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेने 2023 साली जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. रूथ मॅडली या व्हीलचेअर वापरणाऱ्या अभिनेत्रीला त्यांनी वैज्ञानिक सल्लागाराची भूमिका दिली आणि त्याच वर्षी नायकाच्या यानात उताराचा मार्गही बांधला.

उत्तर : कर्णबधिर मुलांची शिक्षिका, निपाणी

श्रवणाविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या 1989 सालच्या ‘लाउड अ‍ॅज अ व्हिस्पर’ या भागात रिव्हा नावाचा कर्णबधिर मध्यस्थ आहे आणि त्याची भूमिका हॉवी सीगो या कर्णबधिर अभिनेत्यानेच केली आहे. मूळ विचार असा होता की शेवटी त्याने बोलायला शिकावे. सीगो यांनी त्याला हरकत घेतली, आणि आता जो शेवट आहे त्यात रिव्हा युद्ध करणाऱ्या दोन्ही बाजूंनाच आपली सांकेतिक भाषा शिकवायला बसतो. आमच्या शाळेतील मोठ्या मुलांना हा शेवट फार आवडला.

सीमाभागात या विषयाला आणखी एक पदर आहे. इथल्या पुष्कळ मुलांच्या घरी मराठी, सरकारी अर्जावर कन्नड आणि औषधाच्या चिठ्ठीवर इंग्रजी असते. ऐकू न येणाऱ्या मुलाने ओठ वाचायचे तर नेमके कोणत्या भाषेचे वाचायचे, हा प्रश्न मी अनेक पालकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. भारतीय सांकेतिक भाषेत प्रांतांप्रमाणे खुणा थोड्या बदलतात, पण तिचे व्याकरण मराठीचेही नाही आणि कन्नडचेही नाही, त्यामुळे चिकोडीतले मूल आणि कोल्हापुरातले मूल एकमेकांशी सहज बोलू शकते. या मालिकांत शेकडो ग्रहांच्या भाषा क्षणात उलगडणारे यंत्र असते. त्या यंत्राला हातांची भाषा का कळू नये, हा प्रश्न लेखकांना फार क्वचित पडला. ‘डॉक्टर हू’च्या 2015 सालच्या ‘अंडर द लेक’ या भागाची कथा 2119 साली घडते, आणि त्यात पाण्याखालच्या तळाची सूत्रे हाती घेणारी कॅस ही कर्णबधिर आहे. सोफी स्टोन या कर्णबधिर अभिनेत्रीने ती साकारली आहे. तिचा दुभाषा शेजारी असतो, पण आज्ञा तिच्या असतात. माझ्या विद्यार्थिनींना दाखवायला मला तरी याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. खानापूरच्या मित्रांचा पोलिओचा मुद्दा मी विद्यार्थ्याला वाचून दाखवला. त्याने तो मान्य केला आणि ‘मेलोरा’विषयी प्रास्ताविक करण्याची जबाबदारी स्वतःहून घेतली. बैठकही आता तळमजल्यावरच्या खोलीत हलवली आहे. एक शंका उरते : रिव्हाच्या भागात पुष्कळ काही हातांनी बोलले जाते. ते आमच्या दृष्टिहीन सभासदांना कसे सांगावे?

उत्तर : कर्णबधिर मुलांची शिक्षिका, निपाणी

वर्णन करणाऱ्याने तो भाग आधी एकट्याने पूर्ण पाहावा आणि टिपणे काढावीत. आयत्या वेळी सुचेल ते सांगू नये. रिव्हाचे तीन सोबती त्याच्या वतीने बोलतात तोपर्यंत फारशी अडचण नाही, फक्त कोण बोलतो आहे ते एकदा सांगून ठेवावे, कारण एक त्याचा विवेक, दुसरा त्याच्या भावना आणि तिसरी त्या दोहोंचा तोल अशी त्यांची वाटणी आहे. पुढे ते तिघेही मारले जातात. तिथून खुणांचा केवळ अर्थ सांगून भागणार नाही. हात जोरात फिरले की हळू, तो कोणाकडे पाहत होता, समोरच्याला कळले की नाही, हेही सांगावे लागेल. त्यासाठी चित्र थांबवावे लागले तर निःसंकोच थांबवा. आपल्या संगीतशिक्षिकांना विचारून ठेवा की त्यांना किती तपशील हवा असतो; काहींना प्रत्येक हालचाल हवी असते, काहींना फक्त आशय. आपल्या बैठकीला रविवार असेल तर मी निपाणीहून येऊ शकेन, आणि त्या प्रसंगांतील खुणांचा अर्थ तिथेच सांगेन.